एका सहा हजारावर पाच जणांचा संसार

तीर्थरूप आत्यास,

भाच्याचा नमस्कार. नमस्कार तुझ्या वयाला आणि नात्याला आहे, राग तुझ्या कामाला आहे. दोन्ही एकाच जागी ठेवून देऊ नकोस, कारण तुला तशी सवय आहे आणि त्या सवयीबद्दलच हे पत्र आहे. गुडघे कसे आहेत? जिना चढताना मधल्या वळणावर अजून थांबावं लागतं का? डोळ्यांतलं औषध वेळेवर टाकतेस ना? (मी रागात असल्यामुळे विचारणार नव्हतो. पण विचारायचं राहिलं असतं तर मलाच चैन पडलं नसतं.) आमच्याकडे सगळे बरे आहेत. बायको बरी आहे, मुलगी बरी आहे, बाबा तर माझ्यापेक्षा बरे आहेत. मीच तेवढा बरा नाही आणि त्याचं कारण तू आहेस.

पत्र जरा सविस्तर होणार आहे. आमच्या मालकांनी माझ्याकडे लेखी खुलासा मागितला आहे आणि मी तेच तेच दोनदा लिहीत बसणारा माणूस नाही, म्हणून याचीच एक प्रत मालकांना देणार आहे. (मालकांनी गुडघ्यांचा मजकूर सोडून पुढे वाचावं.) तुला खुर्च्यांतलं काही कळत नाही आणि मालकांना कंपायलरमधलं काही कळत नाही, त्यामुळे दोघांनाही आपापल्या माहितीचा भाग कंटाळवाणा वाटेल. तो सोसावा. मी यापेक्षा बरंच काही सोसलं आहे.

तर मी दातांच्या दवाखान्यातल्या खुर्च्या दुरुस्त करतो, हे तुला माहीत आहे. लोकांना वाटतं खुर्चीत काय दुरुस्त करायचं. त्यांनी एकदा त्या खुर्चीच्या पोटात डोकावून पाहावं. पाठ खाली-वर करणारी मोटर, पेल्यात पाणी सोडणारा व्हॉल्व्ह, थुंकायच्या भांड्यात गोल फिरणारं पाणी, तोंडातलं पाणी ओढून घेणारी नळी, आणि बाहेर बसलेल्या पुढच्या पेशंटला बोलावणारी घंटा. या सगळ्यांवर हुकूम चालवणारी एक चिप असते, माझ्या करंगळीच्या नखाएवढी. तिच्यातला प्रोग्राम आमच्याकडच्या एका गृहस्थानं चौदा वर्षांपूर्वी लिहिला. तो गृहस्थ नोकरी सोडून गेला. प्रोग्रामचा माणसाला वाचता येईल असा मूळ मजकूर ज्या कॉम्प्युटरवर होता, तो मालकांनी घरी नेला, त्यावर तीन वर्षं पत्ते खेळले आणि मग तो बंद पडला. (ही तक्रार नाही. खुलाशात घटना क्रमानं याव्यात असं मालकच म्हणाले होते.) म्हणजे आता शिल्लक काय, तर कंपायलरनं त्या मजकुराचं भाषांतर करून चिपमध्ये भरलेले नुसते आकडे. त्या आकड्यांच्या अगदी सुरुवातीला कंपायलरचं नाव आणि आवृत्ती आहे. कुठला कंपायलर, ते तुला सांगायला नको. त्यावर तू बावीस वर्षं काम केलंस.

गेल्या आठवड्यात सोमवारी आमच्या एका डॉक्टरबाईंचा फोन आला. त्यांचा दवाखाना चपलांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत दोन बाकं, आणि भिंतीवर दातांचा मोठा तक्ता, ज्यातल्या अक्कलदाढेला कुणीतरी पेनानं चष्मा काढला आहे. बाई हुशार आहेत, हात हलका आहे, बोलणं कमी. त्यांच्याकडचे काचेचे पेले एकेक करून फुटले, म्हणून त्यांनी कागदाचे छोटे कप आणले, एकदम दोन हजार. कप ठेवायचा, बटण दाबायचं, पाणी सहा सेकंद पडतं. पण कप चार सेकंदांतच भरतो, आणि उरलेल्या दोन सेकंदांचं पाणी पेशंटच्या बाहीत जातं. बाईंनी विचारलं, “दोन सेकंद कमी करायचे आहेत फक्त. होईल का?” मी म्हणालो, “एवढ्यासाठी काय विचारायचं.” आत्या, त्या वाक्यात माझी काही चूक आहे का सांग. कुणीही कारागीर हेच म्हणाला असता.

मंगळवारी सकाळी मी बोर्ड काढला, चिप वाचायच्या यंत्राला लावली आणि पाण्याच्या व्हॉल्व्हची तार धरून मागे मागे जात पाण्याची सूचना शोधून काढली. (मालकांसाठी: सूचना म्हणजे चिपला दिलेला एक छोटा हुकूम, ‘हे उचल, तिथे ठेव’ अशा थाटाचा.) मला वाटलं होतं तिथेच आकडा असेल. तो नव्हता. तिथे एवढंच होतं की, किती वेळ पाणी सोडायचं ते पुढे अमुक खणात ठेवलं आहे, तिथून घे. ठीक आहे, मोठे आकडे सूचनेच्या पोटात मावत नाहीत, एवढं मलाही कळतं. त्या खणात गेलो. तिथे सहा हजार. म्हणजे सहा हजार मिलिसेकंद, सहा सेकंद. तरीही मी घाई केली नाही. मी सगळी मेमरी पहिल्या खणापासून शेवटच्या खणापर्यंत सहा हजारासाठी चाळून काढली. आता नीट वाच. सबंध मेमरीत सहा हजार हा आकडा एकदाच होता. एकदाच. कुठल्याही सरळ माणसाला विचार, एखाद्या गल्लीत एकच सायकल उभी असेल आणि तिच्यावर पाण्याची कळशी असेल, तर ती सायकल पाणीवाल्याची नव्हे तर कुणाची? मी त्या सहा हजाराचे चार हजार केले, चिप परत बसवली, आणि बाईंसमोर एकापाठोपाठ सात कप भरून दाखवले. सातही कप काठाच्या बोटभर खाली थांबले. बाई म्हणाल्या, “छान.” बाई ‘छान’ म्हणाल्या म्हणजे दुसऱ्या कुणी हार घालण्यासारखं आहे. मी जिना उतरताना शीळ घालत होतो, आणि ते खालच्या चपलांच्या दुकानदारानं पाहिलंही आहे.

बुधवारी दुपारी त्या खुर्चीत एक घड्याळजी बसले. पोस्टासमोर त्यांचं दुकान आहे, साठीचे असतील, शांत गृहस्थ, चढ्या आवाजात बोललेले कुणी ऐकले नाहीत. खालच्या डावीकडच्या दाढेचं काम होतं. पुढचा प्रकार मी बाईंकडून आणि घड्याळजींकडून वेगवेगळा ऐकला आहे, आणि दुर्दैवानं दोन्ही हकिकती तंतोतंत जुळतात. बाईंनी खुर्चीची पाठ खाली घेतली. पाठ थोडी गेली आणि मध्येच थांबली, घड्याळजी ना बसलेले ना झोपलेले. बाईंना वाटलं, जुनी खुर्ची आहे, चालायचंच, आणि त्या तशाच वाकून कामाला लागल्या. आता त्या ड्रिलबरोबर पाण्याची धार असते, आणि बाईंनी पेडलवरचा पाय काढला की पुढचे सहा सेकंद नळी तोंडातलं पाणी ओढून घेते. नळीनं ओढलं. पण चारच सेकंद. तोंडात पाणी राहिलं, आणि घड्याळजी पूर्ण आडवे नसल्यामुळे ते गालात न साचता सरळ घशाकडे निघालं. अशा वेळी माणूस काय करतो? तोंड मिटतो. घड्याळजींनी मिटलं. आत बाईंचं बोट होतं. आणि घड्याळजींचे दात, बाईंच्याच इतक्या वर्षांच्या मेहनतीमुळे, उत्तम स्थितीत आहेत.

बाईंनी दुसऱ्या हातानं खुर्ची वर घ्यायचं बटण दाबलं. वर यायला माणसाच्या वजनामुळे जास्त वेळ लागतो, म्हणून तो आकडा सात सेकंदांचा, निराळा आहे. पण पाठ मुळात पूर्ण खाली गेलीच नव्हती. ती पाच सेकंदांच्या आतच सरळ झाली आणि उरलेले दोन-सव्वादोन सेकंद आणखी वर जायचा हट्ट धरून, लोखंडी पेटी फरशीवरून ओढल्यासारखा आवाज करत दोघांनाही हलवत राहिली. खुर्ची सरळ झाल्यावर बाहेर घंटा वाजायला सहा सेकंद जावे लागतात, म्हणजे आतला पेशंट तोंड पुसून उठेपर्यंत सवड मिळते. घंटा चार सेकंदांतच वाजली. पुढच्या पेशंट बाई दार उघडून आत आल्या तेव्हा डॉक्टर आणि पेशंट एकमेकांना सोडवत होते. त्या म्हणाल्या, “मी नंतर येते.” त्या अजून आलेल्या नाहीत.

मला बोलावणं आलं. बाई बोटाला पट्टी बांधून बसल्या होत्या. बोटाला सूज, पाच दिवस काम बंद, बाहेरच्या पाटीवर ‘दवाखाना सोमवारी उघडेल’. मी गेलो तसा त्यांनी मला पाच तक्रारी सांगितल्या. खुर्ची अर्ध्यात थांबते, वर येताना ओरडते, नळी लवकर थांबते, भांड्यातलं पाणी अर्धवट फिरतं, घंटा आधी वाजते. आत्या, तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस? पाच तक्रारी म्हणजे पाच बिघाड. मी गुरुवारी पाठीची मोटर बदलली. शुक्रवारी नळीचा पंप उघडून जाळी स्वच्छ केली, मग पंपच बदलला. शनिवारी भांड्याचा व्हॉल्व्ह नवा घातला आणि घंटेची तार भिंतीतून उपसून पुन्हा ओढली. काढलेला प्रत्येक भाग कारखान्यात नेऊन तपासला तर ठणठणीत निघाला. एका मोटरची तर मला दयाच आली, चौदा वर्षं मान मोडून काम केलेली, आणि मी तिच्यावर आळ घेतला. मालक येऊन माझ्या बाकावरचा ढीग पाहून म्हणाले, “खुर्ची दुरुस्त करताय की नवी बनवताय?” (मालक, हे तुमचं वाक्य मी जसंच्या तसं दिलं आहे.)

सोमवारी घड्याळजी परत आले, कारण त्यांची दाढ अर्धीच झाली होती. येताना पेढीवरचं सेकंद मोजायचं घड्याळ घेऊन आले. मला आधी वाटलं, फजिती करायला आले. पण ते बाईंची माफी मागून खुर्चीत बसले, मला म्हणाले, “पाठ खाली घ्या बरं,” आणि काट्याकडे बघत राहिले. पाठ थांबली तसं त्यांनी विचारलं, “पूर्वी किती जायची?”

“सहा सेकंद,” बाई म्हणाल्या.

“आता चार. नळी?”

“सहा.”

नळी लावून पाहिली. चार. भांड्याचं पाणी, चार. घंटा, चार. घड्याळजींनी घड्याळ खिशात टाकलं आणि मला म्हणाले, “तुमच्याकडे पाच बिघाड नाहीत, एकच आहे. माझ्या दुकानातली पाच घड्याळं एका दिवशी सारखीच पुढे गेली, तर मी पाच घड्याळं उघडत नाही.”

मी म्हणालो, “मग काय उघडता?”

“काही नाही. आदल्या दिवशी ती कुणी लावली, ते विचारतो.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मालकही हजर होते, त्यांनीही पाहिलं. मला सांग, घड्याळ दुरुस्त करणाऱ्यानं, तेही आडवं पडून, माझ्या धंद्यातली चूक मला दाखवावी, हे कुठल्या जन्मीचं पाप? मी बोर्ड काढला आणि तिथेच, औषधांच्या टेबलावर, यंत्र लावून बसलो. या वेळी मी आकडा शोधला नाही. त्या खणाकडे कोण कोण बोट दाखवतं ते शोधलं. पाणी होतंच. पाठ होती. नळी होती. भांडं होतं. घंटा होती. पाच सूचना, पाच ठिकाणच्या, एकमेकींचं तोंडही न पाहिलेल्या, आणि पाचही जणी त्या एकाच खणातून सहा हजार उचलत होत्या. लिहिणाऱ्या गृहस्थानं पाच ठिकाणी सहा हजार लिहिले असणार. कंपायलरनं पाहिलं की आकडा तोच आहे, चार खोडले आणि एकावर पाच जणांचा संसार लावून दिला.

आणि त्या क्षणी, आत्या, मला तू आठवलीस. वीसेक वर्षांपूर्वी आमच्याकडे जेवायला आली होतीस आणि वर्तमानपत्राच्या कडेला चौकोन काढून बाबांना दाखवत होतीस. सारखा आकडा दहादा आला तर दहा खण कशाला अडवायचे, एकच ठेवायचा आणि सगळ्यांना तिथे पाठवायचं. हा भाग आपण एकटीनं लिहिला, असं म्हणालीस. बाबांना ओ की ठो कळलं नाही, पण त्यांनी तो कागद कापून जपून ठेवला. मीही तेव्हा मान डोलावली होती. आज ती मान मी परत घेतो.

खरं म्हणजे मला आधीच कळायला हवं होतं. तुझ्या घरी मी परीक्षेसाठी दोन महिने राहिलो तेव्हा घरात कात्री एकच होती. कापड तिनंच, कागद तिनंच, दुधाची पिशवी तिनंच, काकांच्या मिशाही तिनंच. मी म्हणालो, आणखी एक आणू, तर तू म्हणालीस, आहे की एक, दुसरी ठेवायची कुठे. मग मी रेडिओची तार कापायला ती घेतली आणि तिला मधोमध दात पडला. त्या आठवड्यात तुझ्या ब्लाउजची कड उसवली, माझ्या प्रयोगवहीला झालर आली आणि काका एका बाजूची मिशी घेऊन ऑफिसला गेले. बोलणी मात्र मीच खाल्ली. मी कात्री बिघडवली हे खरं, पण एका कात्रीवर सबंध घर टांगून कुणी ठेवलं होतं, हे कुणीच विचारलं नाही.

म्हणून सोमवारी तिथूनच, दवाखान्याच्या जिन्यात उभा राहून तुला फोन केला. मी सगळं सांगितलं. तू पहिल्यांदा विचारलंस, बाईंचं बोट कसं आहे. (माझी चौकशी नाही.) मग म्हणालीस, “आकडा एकच असेल तर दोनदा कशाला ठेवायचा?” मी म्हणालो, “अगं, पण पाण्याचा सहा वेगळा आणि खुर्चीचा सहा वेगळा.” त्यावर तू म्हणालीस, “वेगळा असता तर वेगळा ठेवला असता. मला आकडा दिसतो रे, लिहिणाऱ्याच्या मनातलं दिसत नाही.” आणि नळवाला आला म्हणून फोन ठेवलास.

त्या वाक्याला उत्तर सुचायला मला तीन दिवस लागले. ते असं. माझं वय त्रेचाळीस आहे. आमच्या कोपऱ्यावरून जाते त्या बसचा नंबर त्रेचाळीस आहे. माझ्या मुलीला मागच्या परीक्षेत भूगोलात त्रेचाळीस मिळाले. उद्या बसवाल्यांनी नंबर बदलून एकोणनव्वद केला, तर मला काठी घेऊन फिरायला लागायचं का? आणि मुलगी भूगोलात पहिली येणार का? आकडा सारखा असणं आणि आकडा एकच असणं यांत फरक आहे. तू बावीस वर्षं हा फरक पुसत बसलीस आणि त्याला काम हलकं करणं म्हणालीस. आठ बाइट वाचवलेस, आत्या, मी मोजले. त्या आठ बाइटांपायी एका बाईचं बोट सुजलं, एक दवाखाना पाच दिवस बंद राहिला, एक निर्दोष मोटर, एक निर्दोष पंप आणि एक निर्दोष व्हॉल्व्ह घरी बसले, आणि ज्याला आजवर कुणी बोट लावलं नव्हतं अशा तुझ्या भाच्याला खुलासा लिहावा लागतो आहे. निदान चिपमध्ये कुठे एक ओळ तरी ठेवायचीस, की इथे पाच कुटुंबं राहतात, दार वाजवून आत यावं.

तू म्हणशील, मूळ मजकुरात बदल करून कंपायलरला पुन्हा दिला असतास, तर त्यानं आपण होऊन पाण्यासाठी चार हजाराचा नवा खण काढून दिला असता. हो, दिला असता. मूळ मजकूर पत्त्यांबरोबर गेला, हे वर आलंच आहे. तू असंही म्हणशील की कंपायलरच्या हातातून निघालेल्या आकड्यांत मागाहून बोट घालणं हाच अगोचरपणा. आत्या, जगातली निम्मी यंत्रं आमच्यासारख्या बोट घालणाऱ्यांमुळेच चालू आहेत. लिहिणारे निघून जातात, कंपायलरवाले निवृत्त होतात, आणि खुर्ची मात्र सकाळी दहाला पेशंटसकट खाली जायची असते.

असो. सोमवारीच मी बाईंच्या खुर्चीत सहा हजार परत घातले. जुनी मोटर, जुना पंप, जुना व्हॉल्व्ह, सगळे सन्मानानं आपापल्या जागी बसवले. पाठ पूर्ण खाली गेली. घड्याळजींची दाढ पुरी झाली, त्यांनी उठताना बाईंना विचारलं, “बोट बरोबर चालतंय ना?” आणि बाई हसल्या. मला कुणी काही विचारलं नाही. कपांमधून पाणी पुन्हा बाहीत जातं आहे, तोवर बाई पेशंटच्या कोपराखाली टॉवेल ठेवतात. खरा उपाय मी एकट्यानं, कुणाच्याही मदतीशिवाय, विशेषतः तुझ्या मदतीशिवाय, शोधून काढला आहे. मेमरीच्या शेवटी रिकामी जागा आहे. तिथे चार हजाराचा वेगळा खण करायचा आणि फक्त पाण्याच्या सूचनेचं बोट तिकडे वळवायचं. बाकीच्या चौघांना धक्का नाही. ज्या चिपमध्ये तू पाच जणांना एका खोलीत कोंबलंस, तिथे मी एकाला स्वतंत्र जागा देणार आहे, आणि त्याबद्दल मला कुणाचं ऐकायचं नाही. तू चूक कबूल करावीस अशी माझी अपेक्षा नाही, पण निदान ‘तुझं म्हणणं मला कळलं’ एवढं एका ओळीत लिहून पाठव. कार्ड चालेल.

गुडघ्यांना जप. आमच्याकडचे सगळे तुझी आठवण काढतात. मीही काढतोच, फक्त या आठवड्यात जरा वेगळ्या सुरात.

तुझा,
अतिशय दुखावलेला भाचा

ता. क. हा आणि यापुढचा मजकूर मालकांच्या प्रतीत नाही. वर मी एका खुर्चीबद्दल लिहिलं आहे. मंगळवारी बाई ‘छान’ म्हणाल्यावर मी जरा उत्साहात होतो, आणि कागदाचे कप हल्ली सगळ्यांकडेच आलेत. त्यामुळे त्याच दिवशी दुपारी आणि बुधवारी सकाळी मी आणखी चार खुर्च्यांत हेच करून आलो. अजून कुणाची तक्रार नाही. दोघे समजतात खुर्ची जुनी झाली. तिसऱ्या डॉक्टरांना वाटतं की आपलाच हात हल्ली भरभर चालतो, आणि ते खुशीत आहेत. चौथे मुलांचे दंतवैद्य, त्यांना रोजच कुणी ना कुणी चावतं, त्यामुळे त्यांना फरक कळलेला नाही. पण मला कळतो. मला तीन दिवस धड जेवण गेलेलं नाही.

ता. क. २. सोबतच्या कागदावर पाण्याच्या सूचनेचे आधीचे बाइट आणि मी बदलून लिहिलेले बाइट शेजारी शेजारी दिले आहेत. बोट किती खण पुढे वळवायचं ते मोजताना सूचनेच्या जागेपासून मोजायचं की तिच्या पुढच्यापासून, हे मला नक्की आठवत नाही. दोन्ही धरून पाहिलं, दोन्ही बरोबर वाटतात. चुकलं तर पाणी कशाचा आकडा उचलेल कुणास ठाऊक, कदाचित दवाखाना भरेपर्यंत पडत राहील. पाचही खुर्च्यांचं काम मी शनिवारी करणार आहे, पण तू बघितल्याशिवाय एकाही चिपला हात लावणार नाही. लाल पेनानं दुरुस्त केलंस तरी चालेल. शेरा लिहिलास तरी चालेल.

ता. क. ३. बाबांकडून कळलं की तुझी उजवी दाढ महिनाभर ठणकते आहे आणि तू गोळ्यांवर ढकलते आहेस. मी पुढच्या बुधवारची साडेदहाची वेळ घेतली आहे. तुला न्यायला मी स्टँडवर येईन, दुसऱ्या मजल्यापर्यंत सावकाश चढू. खुर्ची सकाळी मी स्वतः बसून, पाठ खाली-वर करून, नळी तोंडात धरून पाहीन. फक्त एक कर, ‘निवृत्तीआधी तुम्ही काय करत होता’ असं बाईंनी विचारलं तर शिक्षिका होते म्हणून सांग. बोट अजून पुरतं वळत नाही त्यांचं, आणि ड्रिल त्यांच्या हातात असणार आहे.